वाचकांचे प्रश्न : जुन्या रायफलीवरचे ठसे

प्रश्न (कोथरूड) : आजोबांच्या परवान्यावरची रायफल त्यांच्या निधनानंतर कॅम्पातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली आहे. तिच्यावर मुकुट, 'जी.आर.आय.', 'इशापूर', '१९४२' आणि 'एसएचटी. एल.ई. III*' अशी अक्षरे आहेत. बोल्टवरचा (काडतूस नळीत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्यावरचा) नंबर मात्र नळीवरच्या नंबराशी जुळत नाही. यावरून काय समजायचे? गंज काढून ठेवू का?

उत्तर : गंजाला अजून हात लावू नका. पॉलिश पेपर आणि वायर ब्रश यांनी गंजाबरोबर ठशांची धारही जाते, आणि बोथट झालेला ठसा पुन्हा वाचता येत नाही. शिवाय बंदुकीवरचा नंबर किंवा खूण खोडणे, बदलणे हा शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ८खाली गुन्हा आहे. अंधुक अक्षर गडद करायला पंच मारणेही त्यातच आले.

तपासणी विक्रेत्याच्या देखत करा. मॅगझिन काढायचे, बोल्ट मागे ओढायचा, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी पाहायचे आणि करंगळीने चाचपायचे. मग पातळ तेलाचा बोळा फिरवून धूळ पुसा, शाळेतला पांढरा खडू ठशावर आडवा घासा आणि वरवर फडके फिरवा. खडू खाचेत राहतो, अक्षर उठून दिसते. विजेरी समोरून धरू नका, बाजूने जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरा आणि तसाच फोटो घ्या. पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली तर नोंदही हातात राहते.

दस्ता जिथे पोलादात शिरतो, त्या गळ्याच्या उजव्या बाजूला रायफलीची जन्मनोंद असते. मुकुटाखाली राजाची अक्षरे, मग कारखाना, वर्ष आणि नमुना. 'जी.आर.आय.' म्हणजे जॉर्ज, राजा आणि सम्राट. १९४२ साल असल्याने हा सहावा जॉर्ज. इशापूर म्हणजे बंगालमधली सरकारी रायफल फॅक्टरी. पुढची अक्षरे 'शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड'ची, म्हणजे आपली नेहमीची थ्री-नॉट-थ्री. III वरची चांदणी लहान दिसते, पण अर्थ मोठा आहे. पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढवायला मॅगझिन कट-ऑफ (मॅगझिनमधली काडतुसे अडवून धरणारी पट्टी) आणि लांब पल्ल्याची बाजूची साइट (नेम धरायची खूण) गाळली, त्या सोप्या नमुन्याची ती खूण. मॅगझिनच्या किंचित पुढे लाकडातून आडवा स्क्रू गेलेला दिसला, तर तोही इशापूरच्या कामाचा पुरावा. पुढचे लाकूड फाटू नये म्हणून तो घालत.

आता नंबर. बोल्टच्या दांड्याच्या मागे, बॉडीच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी चौकटीच्या) पुढच्या कड्यावर, नळीवर, मागच्या साइटच्या पट्टीखाली आणि नळीच्या तोंडाशी असलेल्या टोपीवर असे पाच ठिकाणी पाहा. पाचही जुळले तर रायफल बहुधा कारखान्यातून निघाली तशीच आहे. बॉडी आणि नळी जुळते, बोल्टच परका, असे असेल तर तो नंतर बदललेला आहे, आणि ही गोष्ट फक्त संग्राहकाच्या हौसेची नाही. बोल्टचे पाठीचे टेकू त्या-त्या बॉडीला घासून बसवलेले असतात. परक्या बोल्टने बोल्टचे तोंड आणि नळीचे मागचे तोंड यांमधली जागा वाढली तर काडतुसाचे पितळ बुडाशी तुटून वायू मागे, थेट नेमबाजाच्या तोंडावर येतो. थ्री-नॉट-थ्रीची ही जागा ०.०६४ ते ०.०७४ इंचांत हवी. गेजने मोजल्याशिवाय ती उडवायची नाही, मग वरून कितीही तुकतुकीत दिसो.

एक चूक हौशी लोक हमखास करतात. पुढचे लाकूड न उतरवता दस्ता आवळून धरणारा लांब बोल्ट (वरच्या सरकत्या बोल्टहून वेगळा, स्क्रूसारखा) फिरवतात. या नमुन्यात त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. तो फिरला की लाकूड चिरते. ठसे वाचण्यासाठी काहीही उघडायची गरज नाही, ही चांगली गोष्ट.

परवान्याचे म्हणाल, तर हत्यार जमा केले हे योग्यच झाले. थ्री-नॉट-थ्री निषिद्ध बोअरमध्ये येते, त्यामुळे वारसाहक्काचा अर्ज देताना नळीवरचा बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचे माप) आणि परवान्यावरचा बोअर अक्षरशः एक आहे का, ते आधी पाहा. इशापूरने नागरिकांसाठी केलेली ०.३१५ बोअरची रायफल याच घडणीची आहे आणि दुरून अगदी तशीच दिसते.

प्रश्न (सदाशिव पेठ) : आमच्या शाळेच्या एनसीसी खोलीत एक रायफल आहे. 'बी.एस.ए. कं.', '१९१८', वर मोठे 'डी.पी.', आणि दस्त्यावर पितळी चकतीत '११७'. ती पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणीने वापरली, असे सांगतात. खरे का?

उत्तर : वेढ्याची आठवण पुण्यात जपली जाते, यात नवल नाही. तिथे अडकलेली सहावी डिव्हिजन 'पूना डिव्हिजन' म्हणूनच ओळखली जाई, आणि ११७वी मराठा पलटण तिच्यात होती. पण शरणागती २९ एप्रिल १९१६ची, आणि तुमची रायफल बी.एस.ए.च्या, म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्सच्या, बर्मिंगहॅममधल्या कारखान्यात १९१८ साली घडली. ती तिथे असणे शक्य नाही.

चकतीचे वेगळे. दस्ता तुटला की दुसऱ्या रायफलीचा बसवत, चकती त्याच्याबरोबरच जाई. तेव्हा ११७ हा पलटणीचा आकडा असला तरी तो लाकडाचा इतिहास आहे, पोलादाचा नव्हे. शिवाय चकतीवर रायफली ठेवायच्या खणाचा नंबरही कोरत, म्हणून नुसत्या आकड्यावर पलटण ठरवू नका. ११७ नंतर पलटणीची आद्याक्षरे किंवा महिना-वर्ष आहे का, ते खडू लावून पाहा. १९२२च्या फेररचनेनंतर हीच ११७वी पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी बटालियन झाली, त्यामुळे त्यानंतरच्या चकतीवर ११७ येणार नाही.

'डी.पी.' म्हणजे ड्रिल पर्पज, फक्त कवायतीसाठी. अशा रायफलीची नळी अनेकदा भोक पाडून आणि फायरिंग पिन कापून निकामी करतात. ती कोणीही 'दुरुस्त' करू नये.

प्रश्न (खडकी) : जुन्या ट्रंकेत पितळी काडतूस सापडले. बुडावर के, मध्ये बाण, एफ, '४३' आणि ७ असे आहे.

उत्तर : हे तुमच्याच गावचे! १८६९पासूनच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, तेव्हाच्या 'किर्की फॅक्टरी'ची ही खूण. बाण सरकारी मालमत्तेचा, ४३ म्हणजे १९४३, आणि ७ म्हणजे टोकदार गोळीचे मार्क (नमुना) सात. गोळी बसलेली असेल आणि बुडाच्या मधल्या टोपीवर (ठिणगी देणाऱ्या भागावर) पिनचा खळगा नसेल तर ते जिवंत समजा. हलवून आवाज येत नाही म्हणून रिकामे मानू नका. आत कॉर्डाइटच्या (बिनधुराच्या दारूच्या) काड्या घट्ट भरलेल्या असतात, त्या खुळखुळत नाहीत. तसे असेल तर ते आहे तिथेच ठेवा आणि ११२ला कळवा.

प्रश्न (रास्ता पेठ) : जुन्या बाजारात एक ठासणीची बंदूक '१८५७च्या उठावातली, अस्सल एनफिल्ड' म्हणून सांगितली. घ्यावी का?

उत्तर : आधी घोड्याची पाटी (घोडा बसवलेली बाजूची पोलादी पट्टी) पाहा. अस्सल १८५३च्या नमुन्यावर मुकुट आणि 'टॉवर' किंवा 'एनफिल्ड', शिवाय वर्ष असते, आणि अक्षरे सरळ, एका खोलीची. 'एन' उलटा, मुकुट तिरका, स्पेलिंग चुकलेले, अशी बंदूक सरहद्दीकडच्या कारागिरांची नक्कल असते. 'व्ही.आर.' खाली १९०१ नंतरचे साल असेल तर तिथेच थांबा. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१मध्ये वारली. मग नळीत विजेरी टाका. अस्सल एनफिल्ड ०.५७७ची, आत तीन खाचा. तोंड ०.६५६चे आणि आत गुळगुळीत असेल, तर ती उठावानंतर हिंदी शिपायांना मुद्दाम दिलेली, कमी पल्ल्याची बंदूक. खोटी नव्हे, पण सांगितलेल्या गोष्टीतलीही नव्हे. किंमत ठरवण्याआधी विक्रेत्याकडे कागद मागा. ठासणीची असली तरी ती उडू शकत असेल तर परवान्याचा प्रश्न सुटत नाही.