अमेरिकेतल्या यूटा राज्याच्या कॅन्यनमधून बाईकवर पाच दिवस: कुठला रस्ता, कुठला महिना?
हायवे १२ धरा, बाकीचं त्याभोवती बसवा. पँग्विच ते टोरी साधारण २०० किमी. नकाशावर अर्ध्या दिवसाचं वाटतं, पण ब्राइस कॅन्यनलाच सकाळ संपते. एस्कलांटे आणि बोल्डर या गावांच्या मध्ये रस्ता चिंचोळ्या धारेवरून जातो. दोन्हीकडे दरी, कठडा नाही. फोटोचा मोह बाईक थांबवूनच पुरवा! पुढचा बोल्डर माउंटन जवळजवळ २,९०० मीटर, म्हणून वाळवंट समजून जाड जॅकेट घरी ठेवू नका.

महिना? मेचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबरअखेर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन भाजतं, शिवाय दुपारच्या पावसाने कोरड्या घळींना अचानक लोंढे येतात.

टोरीच्या पुढे हँक्सव्हिलला टाकी फुल करा. हायवे ९५ ने ब्लँडिंगपर्यंत मधल्या पंपाच्या भरवशावर राहू नका. अंधारात चालवणं टाळा, रस्त्यावर हरणं आणि गुरं येतात.