दाढेचे दीड लाख: आधी हाड मोजा, मग पैसे

निपाणीच्या एका ६२ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेने विचारलंय. वरच्या जबड्यातल्या उजवीकडच्या शेवटच्या दोन दाढा त्यांनी सहा वर्षांपूर्वी काढल्या. तिथे इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचे स्क्रूसारखे कृत्रिम मूळ, बसवायचे, तर हाड कमी आहे म्हणून सायनस लिफ्ट, म्हणजे दाढांवरच्या पोकळीचं अस्तर उचलून हाडाला जागा करण्याची शस्त्रक्रिया, करावी लागेल. कोल्हापूरच्या एका दवाखान्याने ‘कमी छेदाची’ सायनस लिफ्ट, दोन इम्प्लांट आणि कॅप मिळून १,६५,००० रुपये सांगितले: १२ बिनव्याजी हप्त्यांत, किंवा येत्या शनिवारपर्यंत एकरकमी भरले तर १,५३,०००. बेळगावातल्या दुसऱ्या डॉक्टरांनी साधा एक्स-रे पाहून, गालाच्या बाजूने हाडाला खिडकी पाडावी लागेल म्हणत २,१०,००० चा अंदाज दिला. पेन्शन २७,०००. सोसायटीत ३ लाखांची ठेव, तिची मुदत दोन महिन्यांत संपते. बँकेत २ लाखांची एफडी, शिवाय थोडी पिग्मी. मुलगा म्हणतो पाटल्या गहाण ठेवू. भाचा म्हणतो या वयात कशाला, काढता-घालता दात बसवा. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ८.४ आहे आणि मशेरीची सवय आहे, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिलंय.

ताई, खर्च जरूर करा. पण शनिवारच्या आत नको, आणि या दोन्हींपैकी कुठल्याच आकड्याला आत्ता होकार देऊ नका.

तुमच्यासमोर एकाच कामाचे दोन दर आलेले नाहीत, दोन वेगळ्या शस्त्रक्रिया आल्या आहेत. वरच्या दाढांच्या मुळांवर सायनसची पोकळी असते. दाढ गेली की तिथलं हाड झिजत जातं आणि पोकळी खाली सरकते. कमी छेदाच्या पद्धतीत इम्प्लांटसाठी पाडलेल्या भोकातूनच पोकळीचं अस्तर हळूच वर उचलतात. दंतवैद्य समर्स यांनी १९९४ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा ते हलक्या हातोडीने होई. आता पाण्याच्या दाबाने किंवा खास ड्रिलनेही करतात. सूज कमी, त्रास कमी, बिलही बहुधा कमी. मात्र साधारण ५ मिलिमीटर किंवा अधिक हाड शिल्लक असेल तरच ती चालते. त्याहून बरंच कमी असेल तर बाजूने खिडकी पाडून ग्राफ्ट, म्हणजे हाडाची भर, भरावा लागतो, आणि मग इम्प्लांटसाठी कित्येक महिने थांबावंही लागू शकतं. म्हणजे तुमच्या जबड्याला यातलं एकच लागू पडणार, आणि ते कुठलं हे सीबीसीटी, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय, स्कॅनशिवाय ठरत नाही. तुमच्या पत्रात स्कॅनचा उल्लेखच नाही. काही हजारांचा हा स्कॅन आधी स्वतः पैसे भरून करून घ्या आणि त्याची सीडी आपल्याकडे ठेवा.

स्कॅन हातात आला की दोन्ही डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा. माझ्या हिशेबाने सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतील. पहिला: ६ मिलिमीटरचा आखूड इम्प्लांट बसवून सायनस लिफ्ट टाळता येईल का? दुसरा: दोन्ही दाढा हव्यातच का, की पुढची एक पुरे? शेवटच्या दाढेवाचून पुष्कळांचं जेवण नीट होतं, आणि एक इम्प्लांट कमी झाला तर अंदाजाचा मोठा भाग उतरतो. दोन्हीकडच्या दातांच्या आधाराने बसणाऱ्या ब्रिजचा विचार मात्र सोडून द्या. मागे आधाराला दाढच नाही.

तिसरं मत बेळगावच्या दंत महाविद्यालयात घ्या. केएलईचं आहे, मराठा मंडळाचंही आहे. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली हे काम करतात, शुल्क खाजगीपेक्षा कमी असतं. खेपा जास्त पडतात, पण कर्नाटकातल्या महिलांसाठीच्या मोफत बसप्रवासाच्या शक्ती योजनेमुळे निपाणी-बेळगाव साध्या बसचं तिकीट तुम्हाला पडणार नाही. कोल्हापूरला पडतं.

आता हप्ते. एकरकमी भरल्यास १२,००० कमी होतात, म्हणजे बिनव्याजी हप्त्याची खरी किंमत तेवढी आहे. १,५३,००० घेऊन दरमहा १३,७५० फेडले तर व्याज वर्षाला १४ टक्क्यांच्या आसपास बसतं. वर प्रोसेसिंग फी असेल ती वेगळीच. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलेलं आहे. शिवाय २७,००० च्या पेन्शनमधून निम्म्याहून जास्त रक्कम वर्षभर जाणार. पाटल्यांनाही हात लावू नका. घरात ठेव असताना व्याज भरून सोनं अडकवण्यात काही अर्थ नाही.

पैसे सोसायटीच्या ठेवीतूनच काढा. मोडायची गरज नाही, मुदत संपली की घ्या. आणखी एक कारण आहे, आणि ते मला दाढेपेक्षा महत्त्वाचं वाटतं. ५ लाखांपर्यंतचं ठेव विम्याचं संरक्षण बँकेतल्या ठेवींना असतं, सोसायटीसारख्या पतसंस्थेतल्या ठेवींना नसतं. तुमच्या पुंजीचा मोठा हिस्सा आज त्या छत्राबाहेर आहे. उपचाराला लागतील तेवढे बाजूला काढून उरलेले बँकेत किंवा पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवा. बँकेतली २ लाखांची एफडी आजारपणासाठी तशीच राहू द्या. आरोग्य विम्यावर विसंबू नका, दातांचा खर्च त्यात अपघात वगळता सहसा बसत नाही.

कर्जाची गरज मुळातच कमी आहे, कारण हे काम एका दिवसात संपत नाही. इम्प्लांट हाडात रुजायला चार ते सहा महिने, कधी जास्त लागतात, कॅप त्यानंतर. म्हणून पैसेही टप्प्याने द्या: शस्त्रक्रियेचे शस्त्रक्रियेला, कॅपचे कॅपला. अंदाज लेखी घ्या. त्यात इम्प्लांटची कंपनी, ग्राफ्ट लागल्यास वाढणारी रक्कम, कॅप कशाची आणि इम्प्लांट टिकला नाही तर दुसरा कोणाच्या खर्चाने, हे सगळं यायला हवं. असा कागद द्यायला जो दवाखाना तयार नाही, त्याला मी दीड लाख देणार नाही.

भाच्याचं म्हणणं उडवून लावू नका. काढता-घालता दात हा स्वस्त आणि प्रामाणिक पर्याय आहे. पण तुम्ही लिहिलंय की जोंधळ्याची भाकरीही एकाच बाजूने चावावी लागते, आणि पैसे तुमच्याकडे आहेत. ते स्वतःच्या जेवणासाठी खर्च करायला ६२ हे वय काही जास्त नाही.

अट एकच. शुगर ८.४ आणि मशेरी चालू असताना हे पैसे घालू नका. दोन्हींमुळे जखम आणि हाड भरून यायला अडथळा येतो, आणि इम्प्लांट हलला तर गेलेले पैसे परत येत नाहीत. ठेवीची मुदत संपायला दोन महिने आहेत. तेवढ्यात मशेरी सोडा, फिजिशियनकडून शुगर आटोक्यात आणा, हिरड्या साफ करून घ्या. तीन महिन्यांची शुगर पुन्हा तपासा आणि तो रिपोर्ट दाताच्या डॉक्टरांना दाखवूनच शस्त्रक्रियेची तारीख घ्या. अजून जास्त निघाली तर तारीख पुढे ढकला आणि ठेवीचे पैसे तोवर बँकेत ठेवा.