लाइन गेली तर

प्रिय,

परवा रात्रीचा तुझा तो थेट कार्यक्रम पाहिला, प्रेक्षकांनी फोन करून उत्तरं द्यायचा. कॉलरने शिवी हासडली आणि तू कॅमेऱ्याकडे नुसती बघत राहिलीस. तुझा दोष कमीच. तिथे एकच माणूस कॅमेऱ्यांचं स्विचिंग करतो, फोन घेतो आणि खालच्या पट्टीवर प्रेक्षकांचे मेसेजही सोडतो. प्रक्षेपणाला सात-आठ सेकंदांचा डिले, म्हणजे मुद्दाम ठेवलेला उशीर, असता तर शिवी कापता आली असती. तो नसेल तर प्रत्येक कॉल आधी ऑफ एअर, म्हणजे प्रक्षेपणात न जाऊ देता, ऐकून मगच वर घ्यायचा. एवढं तरी भांडून मिळव.

तो घुमणारा आवाज म्हणजे कॉलरचा टीव्ही. घरी प्रक्षेपण काही सेकंद उशिरा पोचतं. फोन हातात असूनही माणसाचे कान टीव्हीकडे, म्हणून तो अडखळतो आणि आपण त्याला बावळट समजतो! टीव्ही बंद करायला त्याला कॉल वर घेण्याआधीच सांगायला हवं. तरीही घुमलं तर आवाजाचा मिक्सर बघ. कॉलरला परत जाणाऱ्या आवाजातून त्याचा स्वतःचा आवाज वगळलेला असायला हवा.

माइक कायम चालूच आहे असं समज. जाहिरातीतसुद्धा.

आता तू पत्रात शेवटी, घाईघाईत विचारलेलं. फोन बंद पडले, तर ऑफिसातल्या कुणाला 'प्रेक्षक' करून बोलू द्यावं का? मी एकदा केलंय. शेजारच्या खोलीतून आमच्याच पोराने बरोबर उत्तर दिलं, कुणाला कळलं नाही, आणि पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा झालं, मला कुणी विचारलंही नाही. लहान वाहिन्यांचंच हे दुखणं असंही नाही. 2006 मध्ये बीबीसीच्या 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात स्पर्धा चालू असताना तांत्रिक बिघाडाने कॉल मिळेनात, तेव्हा स्टुडिओ बघायला आलेल्या एका लहान पाहुण्यालाच कॉलर म्हणून बोलायला लावलं. पुढच्या वर्षी ऑफकॉमने, म्हणजे ब्रिटनच्या प्रसारण नियामकाने, बीबीसीला 50 हजार पौंडांचा दंड केला. बिघाडाबद्दल नव्हे, या बनावाबद्दल. बाहेर मुलं पैसे मोजून फोन लावत होती.

लाइन गेली तर 'लाइन गेली आहे' म्हण, फोन लावू नका असंही सांग, आणि प्रश्न पुन्हा वाच. पाच मिनिटं तोच प्रश्न वाचणारं माणूस वेडगळ दिसतं, खरं आहे. मी बरीच वर्षं तसा दिसलोय.

तुझा,
जुना प्रोड्यूसर