वरच्या अंगाला प्लॉटिंग झालं, विहीर आटली: कृषी सल्ला

प्रश्न (हवेली तालुक्याच्या पूर्व भागातील शेतकरी): आमच्या वरच्या माळावर प्लॉटिंग झालं. पावसात ओढा दणक्यात येतो आणि दोन तासांत ओसरतो. विहीर एप्रिलपर्यंत टिकायची, आता फेब्रुवारीतच तळ दिसतो. कालव्याच्या पाण्यावर जमिनीला पांढरी झाक येते. दुकानदार म्हणतात, बोअर खोल घ्या, जिप्सम टाका. काय करावं?

उत्तर: दोन्ही आत्ता करू नका.

आपल्या भागात पाणी साठतं ते मुरमात आणि वरच्या फुटक्या खडकात. माळ, पड जमीन, बांध पाऊस मुरवत होते. तिथे रस्ते, स्लॅब आणि पेव्हर ब्लॉक आले, की पाणी मुरत नाही, पळतं. एक एकर काँक्रीटवर 1 मिलिमीटर पाऊस पडला तरी सुमारे 4,000 लिटर पाणी वाहून जातं. खाली कठीण पाषाण आहे, तिथे बोअर कोरडं जाण्याचीच भीती जास्त. लागलं तरी ते जुनं साठलेलं पाणी, भरून यायला वर्षं लागतात. पाणाड्या आणि बोअरवाल्या एजंटाच्या शब्दावर कर्ज काढू नका.

जिप्समचंही तेच. साध्या क्षारावर ते उपयोगी नाही, सोडियम जास्त असेल तरच. माती-पाणी तपासल्याशिवाय एक गोणीही टाकू नका. पाण्याची ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षार किती याचं माप) 0.75 डेसीसायमन प्रति मीटरच्या आत असेल तर निर्धास्त राहा, 2.25 च्या वर गेली तर ते पाणी नेहमीसाठी वापरू नका. आणि निचऱ्याचा चर नसेल तर कोणतंही औषध क्षार घालवणार नाही. ‘क्षारनाशक’ बाटल्या तर घेऊच नका.

मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसून घेण्याची विहीर) कालव्यात येतं ते पुणे शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी, त्यात नत्र असतं. लिटरला 30 मिलिग्रॅम धरलं, तर 5 सेंटिमीटर पाण्याच्या एका पाळीत एकरी 6 किलो नत्र, म्हणजे जवळजवळ 13 किलो युरिया जातो. वरून पुन्हा नेहमीचा डोस टाकला, की पीक माजतं, लोळतं, मावा-तुडतुडे वाढतात. दुकानदार डोस कमी करायला सांगणार नाही. तुम्ही पाण्याचा अहवाल बघून कमी करा. कोथिंबीर, मेथी अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना हे पाणी देऊ नका.

माझा आग्रह विहीर पुनर्भरणाचा. शेतातलं आणि घराच्या छपराचं पाणी आधी गाळ बसण्याच्या खड्ड्यात, मग मोठे दगड, खडी, वाळूच्या गाळणीतून पाइपने विहिरीत सोडा. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर जाऊ द्या. प्लॉटिंगचं, रस्त्याचं, सांडपाणी मिसळलेल्या ओढ्याचं पाणी विहिरीत सोडायचंच नाही, गाळून सुद्धा नाही. काम मे अखेरपर्यंत संपवा, पावसात खड्डा खणून उपयोग नाही.

ठिबक, शेततळ्याच्या अनुदानाचे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. पूर्वसंमती येण्याआधी खरेदी केली तर अनुदान मिळत नाही, मग विक्रेता काहीही सांगो. ओढ्यात भराव पडला असेल तर गावनकाशा घेऊन पावसाआधी तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या.