तोंगमू म्हणजे मित्र

प्रश्न : नातीबरोबर ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ ही कोरियन मालिका सोळाच्या सोळा भाग पाहिली. नायिका से-री दक्षिण कोरियाची, वादळात भरकटून उत्तर कोरियात पोचलेली, आणि नायक तिथलाच सैन्याधिकारी. दोघंही कोरियनच, भाषा एक, मग एकमेकांच्या शब्दांवर का अडतात? आणि एवढं प्रेम करून वर्षातून दोनच आठवडे भेट? शेवट मनाला फार लागला.
– एक आजी, कराड

उत्तर : आजी, तुमचं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं. 2020च्या टाळेबंदीत ही मालिका आम्ही दोघींनी मिळून पाहिली. इंग्रजी अक्षरं त्यांना भराभर वाचता येत नाहीत, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत जायची. ‘अगं, भाषा एकच ना यांची?’ असं त्यांनीही विचारलं होतं.

भाषा एकच. पण 27 जुलै 1953ला उत्तर आणि दक्षिण कोरियातल्या युद्धाचा युद्धविराम झाला, मधे 4 किलोमीटर रुंदीचा पट्टा आखला गेला, आणि साधं पत्रसुद्धा पलीकडे जाईना. ‘तोंगमू’ हाच शब्द घ्या. पूर्वी सगळ्या कोरियात पोरं आपल्या सवंगड्याला तोंगमू म्हणायची. उत्तरेत त्याचा ‘कॉम्रेड’ झाला, म्हणून दक्षिणेनं तो टाकला आणि ‘छिंगू’ जवळ केला. मैत्रीच्या शब्दाचीसुद्धा फाळणी झाली, हे कळलं तेव्हा मला रडू आलं होतं.

मालिकेतल्या उत्तर कोरियाच्या गावाचे तपशील मात्र मनचे नाहीत. लेखनात उत्तरेतून निसटून आलेल्या एका लेखकाची मदत होती. से-री लपते ते किमचीचं तळघर, मधेच जाणारी वीज, विजेअभावी माळावर रात्रभर अडकलेली आगगाडी, हे सगळं त्यातूनच आलं. तरी ते गाव जरा जास्तच गोड झालंय असं मला वाटतं. नव्वदच्या दशकात तिथं भीषण दुष्काळ पडला होता. त्याची भूक त्या अंगणांत फारशी दिसत नाही. पण काळोख्या बाजारात नायक से-रीसाठी सुगंधी मेणबत्ती उंच धरतो ना, तिथं सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता.

आता शेवट. ऑगस्ट 2018मध्ये उत्तर कोरियातल्या कुमगांग डोंगराजवळ युद्धात ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या भेटी झाल्या. 92 वर्षांची आई 71 वर्षांच्या मुलाला भेटली. शेवटचं पाहिलं तेव्हा तो चार वर्षांचा होता. तीन दिवसांत मिळून जेमतेम अकरा-बारा तास. निघताना माणसं बसच्या काचेला आतून-बाहेरून तळवे लावून उभी होती. त्यापुढे मालिकेतल्या दोघांचे स्वित्झर्लंडमधले ते दोन आठवडे, आणि तेही दर वर्षी! लेखिकेनं त्या दोघांना हातचं काही राखून न ठेवता दिलंय, आजी.