‘पन्नाशीत पस्तावाल’

पत्र थोडक्यात असं आहे:

‘माझं वय ३६, नवऱ्याचं ३९. लग्नाला नऊ वर्षं झाली. मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर स्वतःचं वन बीएचके, बिल्डिंगला लिफ्ट नाही. दोघांनाही मूल नकोय. त्याला शंभर टक्के, मला नव्वद म्हणा. तो नसबंदी करून घेतो म्हणतोय. सासूबाई दादरला दिरांकडे असतात. दर भेटीत म्हणतात, “आत्ता हसताय, पन्नाशीत पस्तावाल.” मी “लोन फिटू दे” म्हणून वेळ मारून नेते. गेल्या महिन्यात डोंबिवलीला जवळच्या मैत्रिणीकडे बारसं होतं. सगळ्या जणी पाळण्याभोवती होत्या, मी पेढे वाटत होते. परतताना दिवा स्टेशनपासून ठाण्यापर्यंत लोकलमध्ये रडत आले. रात्री कधी कधी डोळ्यांसमोर वीस-बावीस वर्षांची मुलगी येते, माझ्याबरोबर खिडकीत बसून चहा पिणारी. म्हणजे मला मूल हवंय का? आणि पुढे खरंच पस्तावा आला तर?’

आधी त्या रडण्याकडे बघू. सगळ्या पाळण्याभोवती होत्या आणि तुम्ही पेढे वाटत होतात, हे तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात. बाळाला मांडीवर घेतलंत का, त्याचा वास, त्याची मूठ, त्याचं नाव काय ठेवलं, यातलं काहीच पत्रात नाही. घोळका आहे आणि घोळक्याबाहेरच्या तुम्ही आहात. हा हेवा खरा आहे, दुखणाराही आहे. पण तो मैत्रिणी हातून निसटल्याचा जास्त दिसतो. तिशीनंतर असं अनेकींचं होतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर डायपर आणि शाळेचे फॉर्म सुरू झाले की मूल नसलेली बाई आपोआप पेढे वाटायच्या कामाला लागते.

चहा पिणाऱ्या मुलीचंही तसंच. ती थेट वीस वर्षांची होऊन खिडकीत आलीय. मधली वीस वर्षं, तापाच्या रात्री, पाळणाघराची वेळ, दहावी, यातलं काही तुमच्या डोळ्यांसमोर येत नाही. आपल्याला मूल हवंय असं वाटतं तेव्हा नेमकं काय दिसतं, हे प्रत्येकीने बघावं. कुणाला पोट दिसतं, कुणाला तान्हं बाळ, कुणाला मोठेपणीची सोबत. यातली सोबत हवी असेल तर तिची तजवीज दुसऱ्या वाटेनेही होते. तान्हं बाळ दिसत असतं, तर हे उत्तर मी वेगळं लिहिलं असतं.

तरी तुमच्या त्या दहा टक्क्यांना मी उडवून लावत नाही. दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून (वन बीएचकेत एकाने स्वयंपाकघरात बसावं) दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. पहिला: उद्या जोडीदार म्हणाला, ‘मला मूल हवंय,’ तर पहिल्या क्षणी काय वाटेल, आनंद, सुटका की धसका? दुसरा: कुणी म्हणजे कुणीच कधी विचारणार नसेल, ना हळदीकुंकवाला ना लग्नात, तर मला मूल हवं असेल का? लिहून झाल्यावरच कागद बदला. आणि हेच तीन महिन्यांनी, जुना कागद न बघता, पुन्हा करा. दोन्ही वेळा तुमच्या कागदावर ‘सुटका’ किंवा ‘आनंद’ आला, तर तुम्ही नव्वदवर नाही, नवऱ्याच्या शंभराला धरून चालल्या आहात, आणि हे त्याला नसबंदीच्या आधी कळलं पाहिजे. भाचीला शनिवार-रविवार घरी आणून ‘ट्रायल’ घेऊ नका. दोन दिवसांचं मूल पाहुणं असतं. ते गोड तरी वागतं नाहीतर आईसाठी रडतं, आणि दोन्हींतून चुकीचाच निष्कर्ष निघतो.

आता पस्तावा. सासूबाईंचं वाक्य आपल्याकडे सिद्ध झाल्यासारखं फिरतं. पण अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या पाहण्यांत, ठरवून मूल न होऊ दिलेल्या वयस्क लोकांना त्यांच्या वयाच्या आईबापांपेक्षा आयुष्याचा जास्त पस्तावा असल्याचं आढळलं नाही. मिशिगन म्हणजे मुलुंड नव्हे, हे मान्य. उलट बाजूने, इस्रायलच्या समाजशास्त्रज्ञ ओर्ना डोनाथ यांनी २३ आयांशी बोलून २०१५ मध्ये मांडलं की मुलांवर जीव असूनही आई झाल्याचा पस्तावा असू शकतो. म्हणजे पस्तावा दोन्ही घरांत राहतो. एका घरात तो बोलून दाखवायची सोय नाही, एवढंच. आणि ‘मूल नसलेले दुःखी असतात’ असं वाचाल तेव्हा त्यात कोणाला मोजलंय ते बघा. मूल हवं असून झालं नाही असे लोक आणि मूल नकोच होतं असे लोक एका टोपलीत टाकले, तर पहिल्यांचं दुःख दुसऱ्यांच्या खात्यावर चढतं.

धोका आहे तो दोन प्रकारच्या लोकांना. जोडीदारासाठी ‘बरं, नको तर नको’ म्हणालेल्यांना, कारण पुढे प्रत्येक भांडणात ते बाहेर येतं. आणि ‘बघू, बघू’ करत चाळिशी ओलांडलेल्यांना, कारण त्यांच्या वतीने वयाने ठरवलेलं असतं. म्हणून तारीख ठरवा. दुसऱ्या कागदानंतर एक महिना पुरे.

तोवर नवऱ्याच्या नसबंदीला थांबवा. अमेरिकेत १४ वर्षं पाठपुरावा केलेल्या एका मोठ्या अभ्यासात, तिशीपर्यंत नसबंदी झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २० टक्क्यांनी पुढे पस्तावा सांगितला. तिशीनंतर झालेल्यांत तेच प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास होतं. पुरुषांना हे आकडे जसेच्या तसे लागू नाहीत, पण घाईची किंमत कळते. शिवाय व्यवहारातली अडचण अशी की सरकारी नियमावलीनुसार नसबंदीसाठी जोडप्याला एक वर्षाहून मोठं किमान एक मूल असावं लागतं. म्हणजे सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात तो नाकारला जाण्याचीच शक्यता जास्त. जोडीदाराची सही त्या नियमावलीत लागत नाही, तरी मागितली जाते. खासगी डॉक्टर तयार झाला, तर बिनटाक्याची शस्त्रक्रिया थोड्या वेळाची, त्याच दिवशी घरी. पण ती लगेच लागू होत नाही. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्याची तपासणी करायची आणि शुक्राणू शून्य आल्याचा रिपोर्ट हातात आल्यावरच निर्धास्त व्हायचं. ‘केली ना, झालं’ म्हणून तपासणी टाळणं, इथेच घोटाळा होतो. नळी पुन्हा जोडता येते, पण त्यावर भरवसा ठेवून कापू नये.

तुमच्यासाठी कॉपर-टी ३८० ए आहे. एकदा बसवली की दहा वर्षं चालते, हवी तेव्हा काढता येते, सरकारी दवाखान्यात मोफत बसवतात. मूल न झालेल्या बाईला ती बसवत नाहीत, हा समज जुना झाला. पहिले काही महिने पाळीत रक्तस्राव आणि पोटदुखी वाढते. आधीच पाळी जड असेल तर डॉक्टरांशी संप्रेरक (हार्मोन) सोडणाऱ्या टीबद्दल बोला.

आणि दहा टक्के पुढे वाढलेच तर? स्त्रीबीजं गोठवणं कायद्याने शक्य आहे. दहा-बारा दिवस इंजेक्शनं, मध्ये सोनोग्राफ्या, मग भूल देऊन बीजं काढणं. ३६व्या वर्षी त्यातून मूल होण्याची हमी मिळत नाही, आणि एएमएच या रक्ततपासणीचा आकडा बीजं किती उरली याचा अंदाज देतो, ती कशी आहेत हे सांगत नाही. माझ्या मते दहा टक्क्यांसाठी हा खर्च आणि त्रास करू नये. दत्तकाची दारं जास्त काळ उघडी असतात, पण तीही कायमची नाहीत. ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, २०२२च्या नियमांत दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५च्या पुढे चालत नाही. तुमची आज ७५ आहे. दर वर्षी ती दोनने वाढते, म्हणजे तुमच्याकडे दहा नाही, पाच वर्षं आहेत. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी मर्यादा ९०, चार ते आठसाठी १००. बाळासाठी प्रतीक्षा काही वर्षांची असते. दत्तक मूल पस्ताव्यावरचं औषध म्हणून आणू नका, एवढं सांगून पुढे जाते.

सासूबाईंना ‘लोन फिटू दे’ सांगणं आजपासून बंद करा. सबब दिली की तुम्हीच तारीख देता. लोन फिटेल त्या दिवशी त्या पेढ्यांचं विचारतील. बोलायचं नवऱ्याने, तुमच्या समोर, ‘आम्ही दोघांनी ठरवलंय, आई’ असं. ‘तिला नको’ हे शब्द त्याच्या तोंडून कधीही जाता कामा नयेत. आणि हे काही वांद्र्याच्या कॅफेतून निघालेलं नवं खूळ नव्हे. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली याच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि ते व त्यांच्या पत्नी मालतीबाई ठरवून विनापत्य राहिले. दादरच्या बैठकीत हा मुद्दा चालेल की नाही, ते तुम्ही जाणता.

पण ‘म्हातारपणी कोण?’ हा त्यांचा प्रश्न मात्र खोटा नाही, आणि मूल नसलेली जोडपी सर्वांत जास्त ढिलाई इथेच करतात. फ्लॅट घेताना दोघांच्या नावावर घेतला, झालं, असं त्यांना वाटतं.

हिंदू वारसा कायदा तुम्हाला लागू असेल तर बघा काय होतं. नवरा मृत्युपत्राविना गेला, तर त्याच्या वाट्याचे दोन समान भाग: एक तुमचा, एक सासूबाईंचा. नंतर तुम्ही मृत्युपत्राविना गेलात, तर तुमच्या स्वतःच्या कमाईचा हिस्सासुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे, म्हणजे सासूबाई हयात असतील तर त्यांच्याकडे, नाहीतर दीर-पुतण्यांकडे जातो. तुमचे आई-वडील त्यांच्यानंतर. माहेरून वारशाने आलेलं तेवढं वडिलांच्या वारसांकडे परत जातं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये अशाच एका प्रकरणात, सासरने घराबाहेर काढलेल्या विधवेची स्वकमाई सासरच्याच वारसांना दिली. दीर भले असतीलही. पण घर कोणाला जावं हे या कायद्याच्या कलम १५ने ठरवावं की तुम्ही?

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही (तरी करा). दोन साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं आणि तुमच्यासमोर सही केलेली असावी. ज्यांना काही देताय त्यांना साक्षीदार करू नका. नेहमीची चूक अशी: नवरा बायकोला देतो, बायको नवऱ्याला देते, आणि कागद संपतो. दोघं एकाच अपघातात गेली तर काय, मागे राहिलेल्यानंतर कोणाला, ही दोन वाक्यं राहून जातात. मृत्युपत्र अमलात आणणारा व्यवस्थापक म्हणून तुमच्याहून किमान १५ वर्षांनी लहान माणूस नेमा. सोसायटीत नामनिर्देशनाचा अर्ज भरा, पण नॉमिनी हा सांभाळणारा असतो, मालक नव्हे, हे ध्यानात ठेवा.

मुखत्यारपत्राच्या भरवशावर राहू नका. देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की ते संपतं, म्हणजे जेव्हा गरज पडते नेमकं तेव्हाच. बँकेतली खाती ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात व्यक्ती’ अशी करा. उपचार कुठवर करायचे याचं इच्छापत्र २०२३च्या सोप्या केलेल्या नियमांनुसार दोन साक्षीदार आणि नोटरीसमोर करता येतं.

आणि माणसं. विनापत्य जोडप्यांचा गोतावळा बहुधा एकाच वयाचा असतो. म्हणजे सगळे एकदमच पंचाहत्तरीचे होतात आणि हॉस्पिटलात फॉर्मवर सही करायला रिक्षात चढू शकेल असा कोणी उरत नाही. त्यात बायको वयाने लहान आणि बायका जगतातही जास्त, म्हणजे हिशेब दोघांचा नाही, शेवटच्या काही वर्षांच्या एकट्या तुमचा करा. भाची, पुतण्या, शेजारची कॉलेजातली मुलगी, ज्यांच्याशी आज बोलणं आहे त्यांच्याशी ते टिकवा. पैसे साठवताना लिफ्ट असलेल्या बिल्डिंगचा कप्पा वेगळा ठेवा. साठीनंतर पहिला प्रश्न मुलाचा येत नाही, तीन जिन्यांचा येतो.

सासूबाई अगदीच अडून बसल्या तर एक माहिती: २००७च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात विनापत्य ज्येष्ठाला, त्याची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला मिळणार आहे, अशा नातेवाइकाकडे निर्वाह मागता येतो. त्याच कायद्यात पोटच्या मुलांकडून निर्वाह मागायचीही तरतूद करावी लागली. हे मात्र त्यांना ऐकवू नका. फक्त तुमच्या झोपेसाठी सांगितलं.

या आठवड्यात यातलं काहीच नाही जमलं तरी डोंबिवलीला फोन करा. बाळ दुपारी कधी झोपतं ते मैत्रिणीला विचारा आणि त्या वेळेला जा, एकट्या. बारशाचा घोळका आता पांगलाय, ती दिवसभर घरात एकटी आहे, आणि मोठ्या माणसाशी बोलायला तीही आसुसलेली असेल. पेढे नकोत. वरण-भाताचा डबा न्या, तिला दोन्ही हातांनी जेवू द्या, आणि बाळ उठलं तर तुम्ही घ्या.