बर्फातला ज्वालामुखी विझत का नाही?

प्रश्न: अंटार्क्टिकात माउंट एरेबस नावाचा जिवंत ज्वालामुखी आहे असं वाचलं. एवढ्या थंडीत तो विझत कसा नाही? आणि तो थराथरांचा म्हणजे स्ट्रॅटोव्होल्कॅनो आहे म्हणतात, थर तर आपल्या सिंहगडालापण दिसतात, मग सिंहगडपण तसलाच का?
– एक वाचक, सिंहगड रोड, पुणे

उत्तर: विझायला तिथे काही जळतच नाहीये हो. लाव्हा म्हणजे वितळलेला खडक, उष्णता सगळी खालून येते, वरच्या हवेचा त्यावर फार परिणाम होत नाही. एरेबस 3794 मीटर उंच, रॉस बेटावर, 1841 मध्ये जेम्स क्लार्क रॉस या ब्रिटिश दर्यावर्दीला दिसला तेव्हाही त्याचा उद्रेक चालूच होता. आज त्याच्या मुखात उकळत्या लाव्हाचं तळं आहे, साधारण 1000 अंश सेल्सिअसचं, आणि असं टिकून राहिलेलं तळं जगात मोजक्याच ठिकाणी सापडतं. बाजूच्या उतारावर जमिनीतून वाफ निघते ती बाहेर आल्याआल्या गोठते, त्यातून बर्फाचे पोकळ मनोरे उभे राहतात, काही तर दहा मीटरपर्यंत, आत गुहा. मला एरेबसचं सगळ्यात भारी हेच वाटतं.

आता थरांचं. बहुतेक स्ट्रॅटोव्होल्कॅनो जिथे समुद्राखालची प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, दुसरीखाली घुसते तिथे होतात, घुसणाऱ्या प्लेटमधलं पाणी वरच्या गरम खडकात शिरतं आणि तो कमी तापमानाला वितळतो. हा जमिनीखालचा वितळलेला खडक म्हणजे मॅग्मा, वर येता येता त्यातली सिलिका (वाळूत असते तीच) वाढून गुळाच्या घट्ट पाकासारखा चिकट होतो, लांब वाहत नाही, तोंडाशीच साचतो. त्यात विरघळलेली वाफ आणि गॅस दाब कमी झाला की फुगतात पण चिकटपणामुळे सुटत नाहीत, शेवटी मॅग्माच्याच चिंधड्या उडून राख होते. एकदा राख, एकदा लाव्हा, असं साचत साचत उभ्या उताराचा शंकू तयार होतो. फिलिपिन्समधला पिनाटुबो 1991 मध्ये असाच फुटला.

एरेबस मात्र या नियमात बसत नाही. तिथे प्लेट घुसत नाही, उलट जमीन ताणली जाऊन फाटतेय. आणि मॅग्मा वर येण्याची नळी उघडी असल्याने गॅस सतत निघत राहतो, एखादा मोठा बुडबुडा तळ्यात फुटला की लाव्हाचे गोळे बाहेर भिरकावले जातात. त्यातून सुटलेले बोटाएवढे फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक माथ्यावर नुसते पसरलेत!

सिंहगड यातला नाही. 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांतून पातळ लाव्हा निघाला (थिजून त्याचा काळा बेसाल्ट खडक झाला), तो लांबवर पसरला, त्यावर पुन्हा दुसरा, म्हणून आपले थर आडवे सपाट, शंकू कुठेच नाही, डोंगर झाले ते नंतर पाण्याने कोरून. घाटात रस्त्यालगतचा कातळ जवळून बघा, बारीक बारीक भोकं दिसतील, ते तेव्हाच्या गॅसचे बुडबुडे. अशाच पोकळ्यांत पुढे पाण्यातून स्फटिक वाढले, वाघोलीच्या खाणीतले झिओलाइट नावाच्या खनिजांचे स्फटिक त्यातलेच.

भारतात खरा जिवंत स्ट्रॅटोव्होल्कॅनो बघायचा तर अंदमानातलं बॅरन बेट, दीडशेहून जास्त वर्षं शांत राहून तोही 1991 मध्येच परत जागा झाला.